लहान खासगी विद्यापीठातलं पहिलं वर्ष: मराठवाड्यात नव्यानं येणाऱ्यांसाठी

आमच्या अंबड तालुक्यातल्या गावात आई कुणाला म्हणाली, "पोरगी विद्यापीठात शिकायला गेली," की समोरून ठरलेला प्रश्न यायचा, "बामूत का?" मराठवाड्यात विद्यापीठ म्हटलं की लोकांना १९५८ साली सुरू झालेलं संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आठवतं. नांदेडकडच्या माणसाला १९९४ चं स्वामी रामानंद तीर्थ आठवतं. मी गेले होते ते तिसरंच. शहरापासून बारा-पंधरा किलोमीटरवर, हायवेला लागून, आजूबाजूला कपाशी-तुरीची रानं. मधे चार इमारती, एक मैदान आणि एक कॅन्टीन. खासगी विद्यापीठ. आमच्या बी.टेक. फूड टेक्नॉलॉजीच्या वर्गात आम्ही सव्वीस जण.

चार वर्षं तिथं काढली. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे आधी विचारायला कुणी नव्हतं. पहिल्या वर्षी ज्या गोष्टींपायी हेलपाटे घातले, दंड भरला, रात्री रडले, त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढं ती सारखी येणार आहे. लहान कॅम्पसवर सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून निम्मी कामं तोंडी चालतात. "बघू, करून टाकू, काळजी करू नका." सांगणारा माणूस मनापासून सांगतो. पण सहा महिन्यांनी त्याचं टेबल बदलतं किंवा तो नोकरीच सोडतो. त्यामुळे विचारायला लाजू नका आणि मिळालेलं उत्तर कागदावर घ्या.

१. आपण कुठं प्रवेश घेतोय ते आधी तपासा

खासगी विद्यापीठ राज्याच्या विधिमंडळानं केलेल्या कायद्यानं स्थापन होतं. प्रश्नपत्रिका त्यांची, निकाल त्यांचा, पदवीवर नाव त्यांचं. बामूशी किंवा नांदेडशी संलग्न असलेलं खासगी कॉलेज ही वेगळी गोष्ट आहे, तिथं पदवी सरकारी विद्यापीठाची मिळते. गावाकडं दोन्हींना सरसकट "प्रायव्हेट कॉलेज" म्हणतात आणि तिथंच पहिला घोळ होतो.

घरून निघण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, यूजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर राज्य खासगी विद्यापीठांची यादी आहे. त्यात नाव अक्षर न अक्षर जुळतं का ते पाहा. दुसरी, तुमच्या कोर्सला वेगळ्या परिषदेची मान्यता लागते का? फार्मसीला फार्मसी कौन्सिल, कायद्याला बार कौन्सिल, आर्किटेक्चरला आर्किटेक्चर कौन्सिल, बी.एड.ला एनसीटीई, म्हणजे शिक्षक-शिक्षणाची राष्ट्रीय परिषद. विद्यापीठ यादीत आहे म्हणून त्याचा प्रत्येक कोर्स मान्य आहे असं समजू नका. तिसरी, पदवीचं नाव. माहितीपत्रकात कोर्सचं नाव भारदस्त असतं, पण पदवीवर नेमकं काय छापून येणार ते विचारा. पुढं स्पर्धा परीक्षेच्या जाहिरातीत "बी.एस्सी." मागितलं आणि तुमच्या हातात भलत्याच नावाची पदवी असली, तर कागद घेऊन फिरत बसावं लागतं.

कुणी म्हणालं, "आमच्या विद्यापीठाचं सेंटर तुमच्या तालुक्यालाच आहे, तिथंच वर्ग भरतील," तर थांबा. मुख्य आवाराबाहेर शाखा काढायला यूजीसीची परवानगी लागते. तो कागद बघितल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

२. फीचं गणित घरी बसून मांडा

इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आमच्या भागातल्या पोरांचं शिक्षण अडतं ते इथंच.

प्रवेशाच्या वेळी जो आकडा सांगतात तो बहुतेक वेळा नुसत्या शिक्षण शुल्काचा, आणि तोही पहिल्या वर्षाचा असतो. त्यावर विकास शुल्क, परीक्षा शुल्क, प्रयोगशाळा, अनामत, होस्टेल, मेस, बस, गणवेश, एप्रन असं चढत जातं. एका कागदावर चारही वर्षांची सगळी फी, कोणती दरवर्षी वाढणार आणि किती वाढू शकते यासह, लिहून मागा. माझ्या पहिल्या पावतीवर "इतर" या नावाखाली एक रक्कम होती. ती कशाची, हे मी दुसऱ्या वर्षी विचारलं. त्यातला काही भाग ऐच्छिक होता आणि मी तो नाकारू शकले असते.

आता हप्त्यांबद्दल. फी मागतात जुलैत. जुलैत आपल्याकडं पेरणी झालेली असते, खतं-बियाण्यांत पैसा गेलेला असतो, घरात रोकड नसते. कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढं-मागं येतो. माझे अण्णा काउंटरच्या खिडकीशी वाकून म्हणाले, "साहेब, निम्मे आज भरतो. कापूस निघाला की राहिलेले भरतो." आतल्या साहेबांनी मान हलवली, "हरकत नाही काका, भरा सावकाश." अण्णा निर्धास्त गावी गेले. नोव्हेंबरात मी परीक्षेचा फॉर्म भरायला गेले तर संगणकावर माझं नाव लाल. बाकी रक्कम आणि वर दिवसाप्रमाणं विलंब शुल्क. ते साहेब तोवर दुसऱ्या विभागात गेले होते, आणि नव्या मॅडमकडं आमच्या बोलण्याची काहीच नोंद नव्हती. फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस होते. अण्णांनी आडतीवाल्याकडून उचल घेऊन पैसे पाठवले.

दुसऱ्या वर्षी मी असं केलं, तुम्ही पहिल्याच वर्षी करा:

- कुलसचिवांच्या, म्हणजे रजिस्ट्रारच्या नावानं साध्या कागदावर अर्ज. त्यात एकूण फी, आज भरलेली रक्कम, उरलेले हप्ते आणि प्रत्येक हप्त्याची तारीख.
- सोबत सातबारा आणि उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स.
- अर्जाच्या दोन प्रती. एक त्यांना द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या.
- मंजुरी लेखी येईपर्यंत आठवड्यातून एकदा जाऊन विचारणं.

कुलसचिवांनी तीन हप्ते मंजूर केले आणि त्या वर्षी एक रुपयाही दंड लागला नाही. लहान विद्यापीठाचा हा मोठा फायदा आहे: कुलसचिवांच्या केबिनबाहेर बाकावर अर्धा तास बसलं की भेट होते.

शिष्यवृत्तीचा सापळा तर नीटच समजून घ्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, पूर्ण माफ झालं. गावोगाव "मुलींना फी माफ" एवढंच पोचलं. पण या योजनेतून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे आमच्यासारखी खासगी) विद्यापीठं वगळलेली आहेत. माझ्या खालच्या बॅचच्या दोघी याच आशेवर आल्या आणि ऑगस्टमध्ये कळल्यावर एकीला परत जावं लागलं. म्हणून प्रवेशाआधी राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल उघडा, योजनेच्या पानावर संस्थांच्या यादीत तुमचं विद्यापीठ आणि तुमचा कोर्स दोन्ही दिसतात का ते बघा. विद्यापीठाची स्वतःची गुणवत्ता सवलत असेल तर ती दरवर्षी टिकवायला किती गुण लागतात, तेही लेखी घ्या.

शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर बँका साधारण ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना मात्र मानांकनातल्या ठरावीक संस्थांनाच लागू आहे. लहान, नवं विद्यापीठ त्या यादीत असेलच असं नाही.

आणि मन बदललं तर? यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणं प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, फक्त प्रक्रियेचा खर्च कापतात आणि तो जास्तीत जास्त ५,००० रुपये. शेवटच्या तारखेच्या आतल्या पंधरवड्यात ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढं ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, नंतर काही नाही. अनामत रक्कम यात धरत नाहीत, ती वेगळी पूर्ण परत मिळते. यूजीसी अधूनमधून त्या-त्या वर्षासाठी वेगळं परिपत्रकही काढतं, तेही बघा.

३. कागदपत्रांची फाईल

दोन फायली करा. एकीत मूळ कागद, दुसरीत प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. सगळं मोबाइलमध्ये स्कॅन करून डिजिलॉकरमध्येही ठेवा.

- दहावी, बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं
- शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी
- दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र
- रहिवासी म्हणजे डोमिसाइल दाखला
- जातीचा दाखला आणि जात पडताळणी. लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर
- तहसीलचा उत्पन्नाचा दाखला
- मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- आधार, आधारला सीड असलेल्या बँक खात्याचं पासबुक, फोटो
- प्रवेश परीक्षेचं गुणपत्रक

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर मे महिन्यातच काढा. जूनमध्ये सेवा केंद्रावर रांगा लागतात, सर्व्हर बंद पडतो, तलाठी दुसऱ्या सज्जावर असतात. बँक खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही. सरकारी पैसा त्या खात्यात येण्यासाठी ते एनपीसीआयकडं (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) सीड, म्हणजे आधारसाठीचं खातं म्हणून नोंदलेलं असावं लागतं. बँकेत जाऊन याच शब्दांत विचारा.

मूळ कागद तपासून लगेच परत घ्या. विद्यापीठानं मूळ प्रमाणपत्रं स्वतःकडं ठेवून घेऊ नयेत, असं यूजीसीचं स्पष्ट सांगणं आहे. टीसी मात्र बऱ्याच ठिकाणी जमा करून घेतात, ती देण्याआधी चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा.

४. पहिले पंधरा दिवस

पहिल्या आठवड्यात वर्ग फारसे भरत नाहीत. हे दिवस झोपून घालवू नका. ओळखपत्र, ग्रंथालयाचं कार्ड आणि विद्यापीठाचा ई-मेल सुरू करून घ्या. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे तुम्ही मिळवलेली क्रेडिट जमा राहतात त्या ऑनलाइन खात्याचा आयडी काढा. त्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव एकच हवं. आपल्याकडं आधारवर वडिलांचं नाव एका तऱ्हेनं आणि गुणपत्रिकेवर दुसऱ्या तऱ्हेनं असणं सर्रास आढळतं. ते आत्ताच दुरुस्त करा. शेवटच्या वर्षी तेच काम चौपट वेळ खातं.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनाही दरवर्षी भरावं लागतं. भरताना त्यावरचा हेल्पलाइन नंबर मोबाइलमध्ये ठेवा: १८००-१८०-५५२२. तो चोवीस तास चालू असतो. लहान कॅम्पसवर सीनियर-ज्युनियर एकाच मेसमध्ये जेवतात, त्यामुळे ओळख लवकर होते आणि बहुतेक वेळा ती चांगलीच असते. पण "ओळख करून दे" म्हणत रात्री खोलीत बोलावणं, गाणं म्हणायला लावणं हेही रॅगिंगच आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९९९ पासून कायदा आहे. "सगळे ओळखीचेच आहेत, कशाला वाढवता" असं कुणी म्हणालं तरी वॉर्डनकडं लेखी द्या.

लॅपटॉप लगेच घेऊ नका. पहिल्या सत्रात आमच्या वर्गातल्या निम्म्या जणांनी संगणक कक्षावर भागवलं.

५. होस्टेल: पाणी, मेस आणि गेट

प्रवेशाच्या दिवशी खोली दाखवतात, पलंग आणि कपाट दाखवतात. तुम्ही पाणी विचारा. बोअर किती, टाकी केवढी, एप्रिलमध्ये काय करता? संभाजीनगरला पैठणच्या नाथसागराचं पाणी येतं, तरी शहरातल्या कित्येक भागांत नळाला ते काही दिवसांआड येतं. मग शहराबाहेरच्या कॅम्पसचं काय होत असेल ते ओळखा. आमच्याकडं मार्चच्या मध्यापासून टँकर यायचा. आंघोळीचं पाणी सकाळी साडेसहा ते साडेसातच. म्हणून दोन बादल्या आणा, त्यातली एक झाकणाची. रात्री भरून ठेवलेली झाकणाची बादली परीक्षेच्या सकाळी किती उपयोगी पडते, ते एप्रिलमध्ये कळतं. पारा चाळिशीपार जातो, दुपारी वीज गेली की खोलीत बसवत नाही. उन्हाळ्यात अभ्यासाला ग्रंथालयाचा तळमजला बरा. सुती चादर, पंचा आणि जाड बुडाची पाण्याची बाटली हे सामान आणाच.

मेसमध्ये पहिला महिना जड जातो. आमचा ठेकेदार दोन्ही वेळ पोळीच द्यायचा. जालना-बीडकडची पोरं ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली, त्यांना आठवड्यात पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या. भाकरी थापायला वेळ लागतो, माणूस लागतो, म्हणून ठेकेदार तयार नव्हता. शेवटी स्वयंपाकघरातल्या मावशीच म्हणाल्या, "पोरीहो, रातच्याला दोन दिस मी थापते. पीठ तेवढं चांगलं आणायला सांगा त्यास्नी." मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री भाकरी, पिठलं आणि ठेचा सुरू झाला. त्या दोन रात्री मेसमध्ये उभं राहायला जागा नसायची. त्यानंतर मी मेस समितीत नाव दिलं. तुम्हीही द्या, बहुतेक ठिकाणी समितीत जायला कुणी तयारच नसतं.

मेसच्या पैशातला एक सापळा: गावी जाताना आधी रजिस्टरमध्ये लिहिलं नाही तर त्या दिवसांचे पैसे कापून मिळत नाहीत. किती दिवसांच्या पुढं सूट देतात आणि किती आधी लिहावं लागतं, हे पहिल्याच दिवशी विचारा. आमच्याकडं सलग चार दिवसांची अट होती. मी सणावाराला तीन दिवस जायचे आणि वर्षभर पैसे घालवत राहिले.

गेटच्या वेळा मुलींना लवकरच्या असतात. आमची साडेसातची होती आणि मुलांची दहाची. हा भेद मला आजही खुपतो. तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेतलं काम साडेआठपर्यंत चालायचं, तेव्हा आम्ही एकतीस जणींनी सह्या करून अर्ज दिला. सोबत विभागप्रमुखांचं पत्र जोडलं की अमुक वारी प्रयोग उशिरापर्यंत चालतात. त्या वारांपुरती वेळ नऊपर्यंत वाढली. सगळे दिवस मिळाले नाहीत, पण प्रयोगशाळेचे तीन दिवस मिळाले. नुसतं वॉर्डनबाईंशी भांडून हे झालं नसतं, त्यांच्याही हातात नव्हतं.

६. वर्गात: सव्वीस जणांत लपायला जागा नसते

मराठी माध्यमातून येणाऱ्यांसाठी हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते.

पहिल्या सत्रात मला समोर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं होतं. विषय होता फळांच्या रसाची साठवण. इंग्रजीत पाठ करून गेले होते. दुसऱ्या वाक्यावर अडकले आणि पुढचं काहीच आठवेना. वर्ग शांत. सर मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या रानात काय आहे?" मी म्हटलं, "मोसंबी." "मग मोसंबीचा रस काढून ठेवला तर काय होतं?" हे मला माहीत होतं. आजी नेहमी सांगायची, रस काढला की लगेच पी, ठेवलास तर कडू होईल. मी ते मराठीत सांगितलं. सर म्हणाले, "आता हे फळ्यावर लिही. समजलंय ना तुला? इंग्रजी मागून येतं." मग त्यांनी लिमोनिन शिकवलं. मोसंबीत त्याचं आधीचं रूप बेचव असतं, रस काढल्यावर आम्लामुळं त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि रस कडू लागतो. शेवटच्या वर्षीचा माझा प्रकल्पही यावरच होता, आणि मोसंबी आमच्याच बागेतली होती.

सव्वीस जणांच्या वर्गात शिक्षकाला तुमचं गाव माहीत होतं, तुमच्या घरचं पीक माहीत होतं, हा लहान विद्यापीठाचा खरा ठेवा आहे. तो आपोआप मात्र हाती येत नाही. पहिल्या महिन्यातच प्रत्येक शिक्षकाच्या केबिनचं दार एकदा तरी वाजवा. न समजलेला एक नेमका प्रश्न घेऊन जा. "काहीच समजत नाही" म्हणू नका. "पान ४२ वरची ही दुसरी पायरी कळली नाही" म्हणा.

इंग्रजीसाठी मी एक वही केली होती. डाव्या बाजूला तासाला ऐकलेला शब्द, उजवीकडं मराठीत अर्थ आणि तो वापरलेलं एक वाक्य. रोज दहा शब्द. दिवाळीपर्यंत पुस्तक वाचताना अडखळणं बरंच कमी झालं. उत्तरं मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच लिहा, चुकली तरी. आणि उच्चारावर हसणारं कुणी भेटलं तर बोलणं थांबवू नका.

दुसरी बाजूही सांगते. लपायला जागा नसल्यामुळं एक दिवस दांडी मारली तरी कॅन्टीनमध्ये सर विचारणार, "काल कुठं होतीस?" दोघींचं भांडण झालं तर संध्याकाळपर्यंत तीन विभागांना कळतं. काहींना हे सोसत नाही. मला पहिल्या वर्षी कोंडल्यासारखं व्हायचं. मग रविवारी एकटीनं बसनं शहरात जायची सवय लावली, तेव्हा बरं वाटू लागलं.

खासगी विद्यापीठात शिक्षक लवकर बदलतात. माझा एक विषय एका सत्रात तीन जणांनी शिकवला. म्हणून प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम आणि अंतर्गत गुणांची वाटणी सत्राच्या सुरुवातीला मागून घ्या. शिक्षक बदलले तर आधीच्या चाचण्यांचे गुण नव्यांकडं पोचलेत का ते स्वतः बघा. माझ्या एका चाचणीचे गुण असेच हरवले होते. उत्तरपत्रिका जपून ठेवली होती म्हणून परत मिळाले. आणि जाणाऱ्या चांगल्या शिक्षकांचा ई-मेल घेऊन ठेवा, पुढं शिफारसपत्राला लागतो.

७. क्रेडिट, हजेरी, एटीकेटी

साधारण हिशेब असा: सत्रात १५ तास तासिका म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिट लागतात. हजेरी ७५ टक्के. लग्नसराईत गावाकडून बोलावणी येतात तेव्हा हा आकडा लक्षात ठेवा. आजारी पडलात तर डॉक्टरांचा कागद त्याच आठवड्यात द्या, सत्राच्या शेवटी दिलेला कुणी धरत नाही. किती विषय राहिले तर पुढच्या वर्षात जाता येतं, हा एटीकेटीचा नियम प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा असतो. सीनियर सांगतील त्यावर विसंबू नका, परीक्षा विभागातून नियमावलीची प्रत घ्या.

लहान विद्यापीठात ऐच्छिक विषय कमी असतात. विद्यार्थी पुरेसे नाहीत म्हणून जाहीर केलेला विषय रद्दही होतो. यावर उपाय स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलचा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयमवरून करता येतात. पण नोंदणी करण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या की हा कोर्स अमुक विषयाच्या जागी धरला जाईल. आमच्या वर्गातल्या एकानं आधी कोर्स केला, परीक्षा दिली, पास झाला, आणि मग कळलं की तो विद्यापीठाच्या यादीत नाही.

८. आवाराबाहेर

रोज ये-जा करणार असाल तर एसटीचा विद्यार्थी मासिक पास काढा, त्यात ६६.६६ टक्के सवलत आहे. विद्यापीठाच्या बसपेक्षा तो बराच स्वस्त पडतो. फक्त थांबा कॅम्पसपासून किती लांब आहे ते बघा. आमचा दीड किलोमीटर होता, आणि पावसाळ्यात तो रस्ता चिखलाचा.

ग्रंथालय लहान असणार हे धरून चाला. नॅशनल डिजिटल लायब्ररी मोफत आहे, तिथं नाव नोंदवा. बामूच्या ग्रंथालयात बसायचं तर आपल्या ग्रंथपालांचं पत्र घेऊन जा आणि परवानगी मागा. मी प्रकल्पाच्या वेळी तसंच केलं होतं.

पुणे-नाशिककडून किंवा विदर्भातून येणाऱ्यांना दोन तारखा माहीत नसतात. १७ सप्टेंबरला आमच्याकडं झेंडावंदन असतं. १९४८ साली याच दिवशी निजामाच्या राजवटीतून मराठवाडा मुक्त झाला. सकाळी लवकर उठून जा, गावोगावच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी तिथं ऐकायला मिळतात. आणि १४ जानेवारी, नामविस्तार दिन. १९७८ साली विधिमंडळानं ठराव केल्यापासून १९९४ पर्यंत लोकांनी लढा दिला, तेव्हा मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर माणसांचा पूर लोटतो, पुस्तकांचे स्टॉल लागतात. आमच्या होस्टेलमधून आम्ही सात-आठ जणी गेलो होतो. एक मैत्रीण गेटसमोर बराच वेळ हात जोडून उभी होती. तिचे आजोबा त्या लढ्यात तुरुंगात गेले होते, हे तिनं परतताना बसमध्ये सांगितलं. त्याआधी दोन वर्षं आम्ही एकाच खोलीत राहत होतो.

एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला नाव द्या. वर्षाला १२० तास आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर असतं. वेगवेगळ्या विभागांतल्या पोरा-पोरींशी माझी खरी ओळख तिथंच झाली.

९. इंटर्नशिप आणि नोकरी

माहितीपत्रकातली मोठ्या कंपन्यांची नावं बघून भारावू नका. विचारा: माझ्याच कोर्सच्या गेल्या वर्षीच्या बॅचमधले किती जण, कुठं आणि किती पगारावर लागले? शक्य असेल तर त्यांच्यापैकी दोघांशी फोनवर बोला. लहान विद्यापीठात कंपन्या दारी येत नाहीत असं धरूनच तयारी करा.

आपला भाग मात्र त्या मानानं बरा आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथले कारखाने, जालन्याच्या बियाणं कंपन्या आणि लोखंडाच्या गिरण्या, लातूरच्या डाळमिल. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी विद्यापीठाचं पत्र घेऊन एका डाळमिलमध्ये गेले. साध्या कपड्यांत, हातात फाईल. मालकांनी आधी "मुलींना काम नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि म्हटलं, "पैसे नकोत, तुमच्या डाळीतला तुकडा का वाढतो ते मोजून देते." सहा आठवडे ठेवून घेतलं. पत्र घेऊन स्वतः जा, ई-मेलला उत्तर येत नाही. काम संपल्यावर तारखांसह प्रमाणपत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्या.

१०. बाहेर पडताना

शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच ना-देयचा (तुमच्याकडं कुणाचं देणं बाकी नाही असा) फॉर्म आणा. ग्रंथालय, प्रयोगशाळा, होस्टेल, मेस, लेखा विभाग, प्रत्येकाची सही लागते आणि मे महिन्यात अर्धी टेबलं रजेवर असतात. ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या एकत्रित उताऱ्याच्या किमान तीन प्रती काढा. पुढं बामूत किंवा दुसऱ्या राज्य विद्यापीठात एम.एस्सी. वा एम.टेक.ला जाणार असाल तर मायग्रेशन लागेल, आणि तिथं पात्रतेची तपासणी होईल, त्यामुळे चारही वर्षांच्या मूळ गुणपत्रिका एकत्र ठेवा. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळतं, तोवर तात्पुरतं प्रमाणपत्र वेगळा अर्ज करून घ्यावं लागतं.

आणि अनामत रक्कम. ती परत मागायला पहिल्या वर्षीची मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांकडं ती नव्हती. माझी पावती अण्णांनी चार वर्षं कपाटात, सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली होती.